मिठातल्या आयोडीनची कुळकथा

पेणचा खारेपाट मिठागरांचा. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाशी बसलेल्या मिठाच्या राशी घालायच्या. तरीही पेणच्याच रामवाडीतल्या घरात आमटीत पडतं ते पिशवीतलं आयोडीनयुक्त मीठ. दाराशी समुद्र असताना आयोडीन वरून का घालावं लागतं?

कारण समुद्राच्या एका लिटर पाण्यात क्लोरीन सुमारे 19 ग्रॅम, क्लोराइडच्या रूपात. आयोडीन मात्र मिलिग्रॅमचा जेमतेम विसावा भाग. दोघं एकाच कुळातले अधातू, हॅलोजन. पण क्लोरीन सोडियमशी जुळून मीठ होतं आणि वाफ्यात उरतं. आयोडीन त्या खड्यांत जवळजवळ येतच नाही. समुद्री शेवाळ मात्र ते शोषून साठवतं.

सापडलं तेही शेवाळातच. 1811 साली नेपोलियनच्या युद्धांसाठी बंदुकीच्या दारूला सोरा हवा होता. त्यासाठी फ्रान्समध्ये बर्नार्द कूर्त्वा शेवाळाच्या राखेवर काम करत होता. राखेच्या अर्कात गंधकाम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली. थंड पृष्ठभागावर ती काळसर, चकचकीत स्फटिक होऊन बसली. चमक धातूसारखी, बाकी लक्षणं अधातूची: ठोकलं तर चुरा होतो, वीज जवळपास वाहत नाही.

1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरने गलगंडावर, म्हणजे आयोडीन कमी पडल्याने येणाऱ्या गळ्याच्या सुजेवर, आयोडीन दिलं. ते मिठातून घरोघर पोचवण्याची सुरुवात 1920च्या दशकात स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या मिशिगनने केली. भारतात 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात प्रयोग झाला, गलगंड घटला आणि 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. दमट हवेत ते आयोडाइडपेक्षा जास्त टिकतं.

मिठातलं आयोडीन तपासायच्या संचातला थेंब अशा मिठावर टाकला, की निळा-जांभळा डाग उमटतो. थेंबातलं आम्ल आणि आयोडाइड यांच्यामुळे आयोडेटमधून आयोडीन सुटं होतं आणि थेंबातल्याच स्टार्चला रंग देतं. पांढऱ्या मिठात लपलेला अधातू असा डोळ्यांना दिसतो.

2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकण्यावर देशभर बंदी आहे. घरापर्यंत पोचलेल्या मिठात दहा लाख भागांमागे किमान 15 भाग आयोडीन असायला हवं. खडेमीठ मासे खारवायला खुशाल वापरा. रोजच्या जेवणात मात्र आयोडीनचं मीठच हवं, आणि पावसाळ्यात बरणीचं झाकण घट्ट लावा.