पानथरीची कळ

पानथरी म्हणजे प्लीहा. तिच्या कळेचे खापर राजूरच्या (ता. वणी) कोळशाच्या धुळीवर फोडले जाते, ते पटत नाही. विदर्भात पोराच्या डाव्या बरगडीखाली अशी कळ उठली तर आधी सिकलसेल आठवावा. त्यात विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात आणि रक्ताविना प्लीहेचा तेवढा भाग मरतो. आफ्रिकी रुग्णांत प्लीहा बहुधा बालपणीच आक्रसते; आपल्याकडे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन अधिक टिकत असल्याने पुष्कळदा मोठेपणीही वाढलेली सापडते. प्रौढांत हृदयातून सुटलेली गुठळी किंवा रक्ताचा कर्करोग हीही या कळेची कारणे. मेलेल्या भागात कधी पू होतो, क्वचित प्लीहा फुटते. ती निकामी झाली की न्यूमोकॉकससारखे जंतू मोकाट सुटतात, म्हणून लस. – संपा.