सेवेतील वाटा, सभेतील जागा

फिलाडेल्फियातील सेंट थॉमस या आफ्रिकन एपिस्कोपल चर्चचा इतिहास वाचताना आम्ही एका अटीपाशी अडखळतो. १७८७ साली ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांनी मुक्त कृष्णवर्णीयांची परस्परसाहाय्य संस्था काढली. आजारी आणि विधवा यांना आधार देणे हे तिचे काम. १७९३च्या पीतज्वराच्या साथीत याच समाजाने शहरातील रुग्णांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. मोबदला म्हणून लूटमारीचे आरोप पदरी आले. त्यांना दोघांनी १७९४च्या आरंभी पुस्तिका लिहून उत्तर दिले.

त्याच वर्षी पुढे एपिस्कोपल पंथाने जोन्स यांच्या मंडळीला सामावून घेतले, मात्र धर्मप्रांताच्या सभेत प्रतिनिधित्व नाकारून. जोन्स या पंथाचे पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले, तरी ही अट अनेक दशके टिकली. म्हणूनच ती पुस्तिका आम्हांला केवळ खुलासा वाटत नाही. सभेने नाकारलेला शब्द त्यांनी आधीच छापून ठेवला होता.