सान फ्रान्सिस्कोचा दिग्विजयी संघ

जेझुइट पाद्र्यांनी १८५५ साली स्थापिलेल्या सान फ्रान्सिस्को विद्यापीठापाशी, शताब्दीचा उत्सव समीप आला तरी, स्वतःचे असे बास्केटबॉलचे क्रीडागृह नव्हते. त्याचा संघ शेजारच्या शाळेच्या जागेत तालीम करी आणि सामन्यांसाठी नगरपालिकेच्या केझर सभागृहाचा आश्रय घेई. पुढे १९५८ मध्ये जी वास्तू उभी राहिली, ती या निराश्रित संघाने मिळविलेल्या कीर्तीमुळेच उभी राहिली, असे म्हणणे अप्रस्तुत होणार नाही.

फिल वूलपर्ट या प्रशिक्षकाची धारणा अशी होती की, सामना गुण मिळवून जिंकला जातो त्याहून अधिक तो प्रतिपक्षाला गुण न देऊन जिंकला जातो. आणि या धारणेला साजेसे दोन पुरुष त्याला लाभले. ओकलंडचा बिल रसेल हा सुमारे पावणेसात फूट उंचीचा तरुण, इतरांनी ज्याला केवळ जाळीखालचा खांब बनविले असते, तो प्रतिपक्षाने फेकलेला चेंडू हवेतच अडवून तो बाहेर न भिरकावता आपल्याच सोबत्याकडे वळवीत असे, आणि के. सी. जोन्स हा समोरच्या उत्तमोत्तम नेमबाजाला जखडून ठेवी. १९५५ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ला साल विद्यापीठाच्या टॉम गोला या ख्यातनाम खेळाडूवर नजर ठेवण्याची कामगिरी रसेलकडे न देता, उंचीने कितीतरी कमी असलेल्या जोन्सकडे सोपविण्यात वूलपर्टने जे धैर्य दाखविले, त्याचे फळ ७७–६३ या विजयाने मिळाले.

परंतु मला या संघाचे खरे मोठेपण दिसते ते १९५४ च्या डिसेंबरात, ओक्लाहोमा शहरी. रसेल, जोन्स व हॅल पेरी असे तीन कृष्णवर्णीय खेळाडू आरंभीच्या पाच जणांत घेणे हा त्या काळी सर्वमान्य दस्तुराचा भंगच होता. त्या शहरातील हॉटेलाने त्यांना मज्जाव केला, तेव्हा गोऱ्या सोबत्यांनी मऊ बिछान्यांची सोय पत्करली नाही, आणि सारा संघ सुट्टीमुळे रिकाम्या पडलेल्या एका वसतिगृहात एकत्र उतरला. याच विद्यापीठाच्या १९५१ च्या अपराजित फुटबॉल संघाला, त्यात दोन कृष्णवर्णीय खेळाडू असल्यामुळे, मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याचे निमंत्रण मिळाले नव्हते, हे ज्यांस ठाऊक होते त्यांना त्या एकत्र मुक्कामाचे मोल सांगावे लागले नसेल.

१९५४–५५ च्या त्या बास्केटबॉल मोसमात यूसीएलए विद्यापीठाकडून ४७–४० असा एक पराभव तेवढा पदरी पडला. त्यानंतर जी विजयमालिका सुरू झाली ती साठ सामन्यांपर्यंत अखंड चालली. रसेलसारख्यांचे वर्चस्व आवरावे म्हणून नियमकर्त्यांनी जाळीसमोरील पट्टा सहा फुटांवरून बारा फुटांपर्यंत रुंद केला, तरीही १९५५–५६ च्या मोसमात हा संघ २९ पैकी २९ सामने जिंकून, अपराजित राहून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारा पहिला ठरला. त्या अखेरच्या स्पर्धेत जोन्सला पात्रतेच्या नियमामुळे बाहेर बसावे लागले होते. तरी जीन ब्राउन त्याच्या जागी उभा राहिला, आणि इव्हान्स्टन येथे आयोवाने आरंभी घेतलेली आघाडी मोडून काढीत सान फ्रान्सिस्कोने ८३–७१ अशी बाजी मारली. त्या सामन्यात एकट्या रसेलने २६ गुण मिळविले आणि फळ्यावरून परतलेले २७ चेंडू हस्तगत केले. त्याच वर्षाअखेर मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रसेल आणि जोन्स या दोघांच्याही गळ्यात सुवर्णपदक पडले.