कड्याची वाट आणि गडाचें दार

डोंगरी किल्ल्यास दोन वाटा असतात. एक दाराची. ती गड बांधणारा ठरवितो, तिच्यावर पहारा बसतो आणि सूर्यास्ताबरोबर ती बंद होते. दुसरी कड्याची. ती कोणी बांधलेली नसते. पायथ्याशीं राहणाऱ्या माणसांच्या हातापायांनाच ती ठाऊक असते. पहिल्या वाटेविषयीं इतिहासांत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुसरीचा इतिहास आख्यायिकांत आणि दप्तरांतील त्रोटक उल्लेखांत विखुरलेला आहे. आज तरुण मंडळींत प्रस्तरारोहणाचा छंद वाढत आहे, आणि कांहीं नामांकित डोंगर लष्कराच्या ताब्यांत आहेत. लष्करी हद्दींतील कड्यावर पाय ठेवण्याची मुभा कोणास व कोणत्या अटींवर असावी, हा प्रश्न त्यामुळें पुढें आला आहे. प्रश्न नवा दिसतो, पण महाराष्ट्रास तो निदान साडेतीनशें वर्षांचा परिचित आहे.

रायगडावरील हिरकणीची गोष्ट मराठी घरांतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. दूध घालावयास गडावर गेलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळें अडकली, आणि घरीं तान्हें मूल असल्यानें रात्रींच कडा उतरून गेली. महाराजांनीं तिचा गौरव केला आणि त्या जागीं बुरूज बांधविला, तोच हिरकणी बुरूज. याच गडाची दुसरी आख्यायिका तितकी परिचित नाहीं. गडाचें काम पुरें झाल्यावर महाराजांनीं सभा भरवून पुकारा केला कीं, दोर व शिडी न वापरतां, दरवाजाची वाट सोडून जो कोणी वर चढून दाखवील त्यास द्रव्याची थैली व सोन्याचें कडें मिळेल. एक महार पुढें झाला. तो कड्यानें वर चढला, निशाण लावून आला तसाच खालीं उतरला. बक्षीस त्यास मिळालें, आणि ती वाट तत्काळ बंद करण्यांत आली.

या कथांना अस्सल कागदाचा आधार मागूं गेल्यास हातीं फारसें लागत नाहीं. परंतु त्या सांगणाऱ्या लोकांची राज्यकर्त्याकडून काय अपेक्षा होती, हें त्यांत स्वच्छ उमटलें आहे. गडाच्या रक्षणासाठीं वाट बंद होणें त्यांना मान्य होतें. ती वाट जाणणाऱ्याचा मान राखला जावा, एवढें मात्र त्यांना हवें होतें.

कडा जाणणाऱ्या माणसाची किंमत त्या काळच्या राज्यकर्त्यांना पुरेपूर ठाऊक होती. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तानाजी मालुसरे यांचे मावळे कोंढाण्यावर शिरले ते दरवाजानें नव्हे, कड्यानें. जो कडा शत्रूस चढतां येतो तो आपल्या गडावरहि कोणी चढूं शकेल, हें ओळखून गडाच्या घेऱ्याची राखण पायथ्याच्या कोळी, रामोशी, महार, बेरड अशा लोकांकडे वंशपरंपरेनें सोंपविलेली असे. त्याबद्दल त्यांना जमिनी व हक्क मिळत. ज्यांना चोरवाटा ठाऊक, त्यांनाच त्या वाटांचे राखणदार नेमावयाचें, असा हा सरळ व्यवहार होता.

हा व्यवहार मोडला म्हणजे काय होतें, तें पुरंदरानें दोनदां दाखविलें. पुण्याच्या आग्नेयेस, सासवडजवळ, खालीं माची आणि वर बालेकिल्ला अशी या गडाची रचना असून, भैरवखिंडीच्या पलीकडे वज्रगड हा त्याचा जोडकिल्ला आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत आबा पुरंदरे यांनीं येथील कोळी पहारेकऱ्यांना दूर केलें. थोड्याच दिवसांत त्या कोळ्यांनीं गडच आपल्या ताब्यांत घेतला. ज्यांना आपण बाहेर घातलें त्यांना आंत येण्यास दरवाजाची गरज नव्हती, हें पुण्याच्या दरबारास तेव्हां उमगलें.

१८१८ मध्यें राज्य इंग्रजांचें झालें. डोंगरी किल्ल्यांचें काय करावें, हा त्यांच्यापुढील पहिला प्रश्न होता. प्रत्येक गडावर शिबंदी ठेवणें खर्चाचें, आणि गड मोकळे सोडणें धोक्याचें. तेव्हां अनेक ठिकाणीं त्यांनीं तटबंदी पाडली आणि कातळांत खोदलेल्या पायऱ्या सुरुंगानें उडविल्या. सह्याद्रीच्या माथ्यावरील अलंग व मदन या गडांचे तुटलेले टप्पे आजहि दोराशिवाय ओलांडतां येत नाहींत. नाशिककडील हरिहर किल्ला कॅप्टन ब्रिग्ज यानें त्याच वर्षीं पाहिला, आणि तेथील पायऱ्यांना त्यानें भिंतीस टेकविलेल्या शिडीची उपमा दिली. त्या पायऱ्या मात्र वांचल्या, आणि आज त्यांवरून हजारों लोक चढतात. जेथें पायऱ्या गेल्या तेथें गडावरील पाण्याचीं टांकीं, गुहा आणि देवस्थानें खालच्या गांवाला अंतरलीं. ज्या शत्रूच्या भयानें हें केलें तो पुनः आला नाहीं. नुकसान गुराख्याचें आणि भाविकाचें झालें.

पुरंदरावर पायऱ्यांऐवजीं माणसांवर घाला पडला. मार्च १८१८ मध्यें गड इंग्रजांच्या हातीं गेला आणि तेथील रामोशांची परंपरागत राखण संपली. गडाखालच्या भिवडी गांवीं १७९१ मध्यें जन्मलेला उमाजी नाईक याच रामोशांपैकीं. त्यानें बंड उभारलें तेव्हां कंपनी सरकारनें त्याच्यावर बक्षीस लाविलें, मध्यंतरीं माफी देऊन त्याला चाकरींत घेतलें, आणि अखेरीस कॅप्टन मॅकिंटॉश याच्या हातीं तो सांपडल्यावर ३ फेब्रुवारी १८३२ रोजीं पुण्यास फांशीं दिलें. डोंगर पाठीशीं असलेल्या मूठभर माणसांनीं एका बलाढ्य सरकारला अनेक वर्षें दमविलें. त्यांच्या तक्रारीच्या मुळाशीं हिरावलेली राखण होती.

त्यानंतर पुरंदर लष्कराच्या हातून कधीं फारसा सुटला नाहीं. १८५२ मध्यें तेथें गोऱ्या सैनिकांसाठीं आरोग्यधाम झालें. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतील जर्मन इत्यादि परकीय नागरिकांना तेथें स्थानबद्ध ठेवण्यांत आलें. स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय छात्रसेनेचें शिक्षण तेथें चालूं लागलें. आज गड सैन्याच्या देखरेखीखालीं आहे. ओळखपत्र दाखवून, दिवसाच्या ठराविक वेळेंत, प्रवाशांना माचीवर व केदारेश्वरापर्यंत जातां येतें. वज्रगडाच्या वाटेवर मात्र सामान्य प्रवाशास गेलीं कित्येक वर्षें मज्जाव होत आलेला आहे.

वज्रगडाचें महत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्यास निराळें सांगावयास नको. १६६५ मध्यें मिर्झा राजे जयसिंग यांनीं पुरंदरास वेढा घातला तेव्हां त्यांनीं आधीं वज्रगडावर तोफा डागल्या. १४ एप्रिलला तो पडला, आणि तेथून पुरंदराची माची माऱ्यांत आली. मुरारबाजी देशपांडे यांनीं शर्थ करून देह ठेवला. जूनमध्यें तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. १८१८ मध्येंहि वज्रगड आधीं इंग्रजांच्या हातीं गेला आणि मग पुरंदराच्या किल्लेदाराचा निरुपाय झाला. मुरारबाजी कां लढला आणि तह कां करावा लागला, हें पुस्तकांत दहा पानें वाचून जितकें कळत नाहीं तितकें वज्रगडाच्या माथ्यावर उभें राहून समोरची माची पाहतां क्षणांत कळतें. ही जागा बंद असणें म्हणजे ग्रंथांतील नेमकें महत्त्वाचें पान चिकटलेलें असणें होय.

यावर सैन्याची बाजूहि समजून घेतली पाहिजे. जेथें शिक्षण चालतें तेथें वाटेल त्यास वाटेल तेव्हां फिरूं देतां येत नाहीं. शिवाय निसरड्या कड्यावर कोणी पडल्यास त्याला वर काढण्याचा भार अखेर सैनिकांवरच येतो. परंतु सुरक्षितता व मुभा यांची सांगड घालतां येते, याचें उदाहरण खुद्द इंग्रजांच्या देशांतच आहे.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोंकास पेंब्रोकशायर परगण्यांत कॅसलमार्टिन येथें रणगाड्यांच्या तोफांचें एक मोठें लष्करी मैदान आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर सरकारनें ती जमीन घेतली. १९६१ पासून १९९६ पर्यंत जर्मन रणगाडे पथकेंहि तेथें सरावास येत असत. या मैदानाची एक बाजू म्हणजे समुद्रांत उभे तुटलेले चुनखडीचे कडे. आरोहकांना ते फार प्रिय आहेत. तेथें सरसकट बंदीहि नाहीं आणि सरसकट मुभाहि नाहीं. गोळीबाराच्या वेळीं तांबडीं निशाणें लागतात. पूर्व भाग गोळीबार नसतांना, विशेषतः संध्याकाळीं व सुटीच्या दिवशीं, मोकळा असतो. पश्चिम भागांत न फुटलेल्या गोळ्यांची भीति अधिक. म्हणून दरवर्षीं लष्करी अधिकारी धोक्याची माहिती देतात, आणि ती ऐकून घेतलेल्या आरोहकांनाच तेथें जातां येतें. समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या हंगामांत ठराविक कडे सर्वांनाच बंद असतात. हे नियम आरोहकांच्या संस्थेशीं, म्हणजे ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिलशीं, वाटाघाट करून चालतात, आणि ते पाळले जातात कीं नाहीं याकडे आरोहक स्वतःच लक्ष ठेवतात. तोफखान्याच्या सरावास त्यानें बाध आलेला नाहीं.

हा व्यवहार मूळ तत्त्वानें पाहतां आपल्या जुन्या व्यवहाराहून फार निराळा नाहीं. कडा ज्यांना ठाऊक आहे त्यांना शत्रु न मानतां राखणींत भागीदार करावयाचें, हीच कल्पना दोन्हीकडे आहे. वज्रगडासाठीं वर्षांतून कांहीं नेमलेले दिवस ठरवावे, जाणाऱ्यांची नांवें आधीं घ्यावीं, नारायणपूर, भिवडी अशा पायथ्याच्या गांवांतील माहितगार वाटाडे बरोबर द्यावे, आणि नियम मोडणाऱ्यास पुनः मुभा देऊं नये. एवढी व्यवस्था शिस्तीच्या सैन्यास कठीण नाहीं, आणि तिला पात्र ठरणें हें आरोहक मंडळींचें काम आहे. जो तरुण तटाच्या चिऱ्यावर आपलें नांव कोरतो किंवा मज्जावाची पाटी पाहून चोरवाटेनें शिरतो, तो आपल्या मागून येणाऱ्या शंभर जणांची वाट बंद करतो.

वाट बंद करण्याचा अधिकार गडाच्या धन्यास नेहमींच होता व आजहि आहे. रायगडाची ती वाट महाराजांनींहि बंदच केली. पण बंद करण्यापूर्वीं ती चढणाऱ्यास सभेंत बोलावलें, त्याचें कसब पाहिलें आणि त्याच्या हातांत सोन्याचें कडें घातलें.