एक्स्पोसितो : दारात सोडलेल्यांचं आडनाव

तर मंडळी, आता ‘एक्स्पोसितो’ हे स्पॅनिश आडनाव घ्या. मूळ लॅटिन ‘एक्स्पोसितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला. चर्चच्या किंवा अनाथालयाच्या दारात सोडलेल्या तान्ह्या बाळाचा बाप माहीत नाही, मग आडनाव काय लावायचं? हेच. नोंदवहीतला शेरा जन्मभर कपाळी, पुढे नातवंडांच्याही! (आडनावावरून कूळ ताडणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.) त्यामुळे सगळ्या एक्स्पोसितोंचा मूळपुरुष एक, असं समजू नका. १७९४ मध्ये राजा चौथा कार्लोस याने अशा मुलांना कायद्याने औरस मानलं, त्यांना हिणवणं गुन्हा ठरवलं. आडनाव मात्र राहिलं. आजही अंदालुसियात, कॅनरी बेटांवर ते भेटतं. इटलीत नेपल्सला त्याचंच भावंड ‘एस्पोझितो’, तिथलं अगदी सर्रास आडनाव.