मतदारसंघ पुनर्रचना : लोकसहभागाची ऑनलाइन साधने

मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जात असताना नागरिकांना पर्यायी नकाशा तयार करता यावा, सरकारी मसुदा पडताळता यावा आणि हरकत नोंदवता यावी, यासाठी विकसित झालेल्या संगणकीय साधनांचा वर्ग. ही साधने मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकसित झाली.

पार्श्वभूमी : अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार राज्यांत विभागल्या जातात आणि त्यानुसार मतदारसंघ आखले जातात. बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळाकडे असल्यामुळे सत्ताधारी पक्षाला सोयीच्या सीमा आखण्याची संधी मिळते. या प्रकारास १८१२ पासून ‘गेरीमँडरिंग’ म्हणतात. १९६४ च्या निकालांद्वारे सर्वोच्च न्यायालयाने समान लोकसंख्येचे बंधन घातले. परंतु पक्षीय लाभासाठी केलेल्या आखणीचा न्यायनिवाडा संघीय न्यायालयांना करता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये रुचो खटल्यात ठरवले. त्यामुळे नागरिकांच्या देखरेखीचे महत्त्व वाढले. पूर्वी आखणीची महागडी सॉफ्टवेअर पक्ष, विधिमंडळे आणि सल्लागार यांच्याच हाती असत.

प्रमुख साधने : डेव्ह ब्रॅडली या सिॲटलच्या संगणक अभियंत्याने २००९ मध्ये ‘डेव्हज रिडिस्ट्रिक्टिंग’ हे विनामूल्य साधन उपलब्ध केले. मायकेल मॅकडोनल्ड व मायका ऑल्टमन या अभ्यासकांच्या प्रकल्पातून ‘डिस्ट्रिक्टबिल्डर’ तयार झाले. २०११ मध्ये व्हर्जिनियातील विद्यार्थ्यांनी स्पर्धेत त्यावर नकाशे आखले. गणितज्ञ मून डशिन यांच्या टफ्ट्स विद्यापीठातील गटाने ‘डिस्ट्रिक्टर’ घडवले.

कार्यपद्धती : जनगणनेचे लहान गट किंवा मतदान केंद्रांची क्षेत्रे पडद्यावर रंगवून मतदारसंघ तयार केला जातो. प्रत्येक बदलासरशी लोकसंख्या, सरासरीपासूनची तफावत, अल्पसंख्याकांचे प्रमाण, सीमांची सलगता व आटोपशीरपणा दिसत राहतो. काही साधने मागील निवडणुकांचे निकालही दाखवतात. संपूर्ण नकाशा न आखता केवळ आपली वस्ती दाखवून ती एकाच मतदारसंघात का राहावी, हे सांगण्याचीही सोय काही ठिकाणी असते. रस्ता, शाळा, बाजार, भाषा यांनी जोडलेल्या वस्त्यांची ही माहिती जनगणनेच्या तक्त्यांत सापडत नाही. म्हणूनच हा भाग विशेष मोलाचा आहे.

उपयोग : कॅलिफोर्नियाचा १४ सदस्यांचा नागरिक आयोग आणि मिशिगनचा १३ सदस्यांचा आयोग यांनी २०२१ च्या आखणीत ऑनलाइन नकाशे व निवेदने स्वीकारली. पेनसिल्व्हेनियात एका पियानो शिक्षिकेने जनगणनेच्या आकड्यांवरून आखलेल्या पर्यायी नकाशाने शहरे व काउंट्या कमी फोडूनही समान मतदारसंघ आखता येतात हे दाखवले. त्याचा दाखला घेत २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या मतदारसंघांचा अधिकृत आराखडा परत पाठवला.

मर्यादा : फ्लोरिडात लोकांकडून मागवलेल्या नकाशांच्या आडून राजकीय सल्लागारांनी आपले नकाशे पुढे सरकवल्याचे २०१४ च्या न्यायालयीन निकालात नमूद झाले. त्यामुळे नकाशा देणाऱ्याची ओळख पडताळणे आवश्यक ठरते. इंटरनेट, वेळ आणि इंग्रजी यांची अडचण असलेल्यांचा सहभाग कमी राहतो. शिवाय राजकीय निर्णयापुढे लोकसहभागातून आलेला नकाशाही टिकेलच असे नाही : २०२५ मध्ये टेक्ससने दशकाच्या मध्यातच काँग्रेसचे (संघीय विधिमंडळाचे) मतदारसंघ बदलल्यावर त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव ५० संमत करून आपल्या आयोगाचा काँग्रेसविषयक नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला.

भारतातील संदर्भ : भारतात मतदारसंघ आखणाऱ्या परिसीमन आयोगाच्या मसुद्यावर, तसेच महाराष्ट्रात महापालिकांच्या प्रभागरचनेवर हरकती व सूचना मागवल्या जातात. हरकतीसोबत आकड्यांनिशी पडताळता येणारा पर्यायी नकाशा जोडता आला, तर तिचे वजन निश्चित वाढेल.

मूल्यमापन : या साधनांनी सीमा आखण्याचे ज्ञान मोजक्या तज्ज्ञांच्या हातून लोकांच्या हाती आणले, ही त्यांची मोठी कामगिरी होय. मात्र आलेल्या प्रत्येक नकाशाची दखल घेऊन तो का स्वीकारला वा नाकारला, याचे लेखी कारण देण्याचे बंधन कायद्याने घातले पाहिजे. त्याखेरीज हा सहभाग पूर्णत्वास जात नाही.