वडशाच्या रुळांवर अंमल कोणाचा?

देसाईगंज : चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरहून अधिक. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशाच्या वाट्याला मात्र आजवर एकच रेल्वेस्थानक आले, ते उत्तर टोकावरील वडसा. शहराचे नाव देसाईगंज, फलकावरचे नाव वडसा. दक्षिणेकडील सिरोंच्यापासून हे स्थानक दोनशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. या स्थानकावर कोणती गाडी थांबावी, तेथून नवा मार्ग कधी निघावा, त्यासाठी पैसा किती मिळावा, यांपैकी कशाचाही निर्णय गडचिरोलीत होत नाही, मुंबईतही होत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत रेल्वेचा समावेश असल्याने हा सारा कारभार दिल्लीतील रेल्वे मंत्रालयाकडे आहे.

मंत्रालयाचा खरा कणा म्हणजे रेल्वे बोर्ड. लॉर्ड कर्झन यांच्या काळात, १९०५ साली ते स्थापन झाले आणि सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावरही त्याचे महत्त्व ओसरलेले नाही. डिसेंबर २०१९मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने बोर्डाची फेररचना करून सदस्यसंख्या घटवली आणि अध्यक्षांनाच मुख्य कार्यकारी अधिकारी केले. बोर्डाचा मूळ १९०५चा कायदा २०२५मध्ये रद्द झाला व त्यातील तरतुदी १९८९च्या रेल्वे कायद्यात सामावल्या गेल्या. इतर खात्यांत मंत्रालय धोरण आखते आणि अंमलबजावणी दुसऱ्या यंत्रणेकडे असते; येथे धोरण ठरवणारे आणि गाड्या चालवणारे एकच. २०१५मध्ये विवेक देबरॉय समितीने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवून स्वतंत्र नियामकाची शिफारस केली होती.

बोर्डाखाली झोन आणि झोनखाली विभाग अशी उतरंड आहे. वडसा स्थानक दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येते. या झोनचे मुख्यालय बिलासपूरला असून तो एप्रिल २००३मध्ये सुरू झाला. त्याआधी हा भाग दक्षिण पूर्व रेल्वेकडे होता. नागपुरात मध्य रेल्वेचेही विभागीय कार्यालय आहे, त्यामुळे तक्रार घेऊन जाणारा नवखा प्रवासी हमखास गोंधळतो. गोंदिया-बल्लारशाह मार्गावरच्या गाडीत बसून बल्लारशाहला उतरले, की प्रवासी मध्य रेल्वेच्या हद्दीत पोहोचलेला असतो.

विभागीय व्यवस्थापकाच्या हाती स्थानकाची देखभाल आणि गाड्यांचे दैनंदिन संचालन असते. एक्स्प्रेस गाडीचा नवा थांबा हा मात्र बोर्डाच्या मंजुरीचा विषय. तो बहुधा 'प्रायोगिक' म्हणून दिला जातो आणि पुढे तिकीटविक्री पाहून कायम होतो. प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत. नावाप्रमाणेच त्या सल्ला देतात.

वडसा-गडचिरोली या नव्या मार्गाच्या कथेत मंत्रालयाची कार्यपद्धती सर्वाधिक स्पष्ट दिसते. सुमारे ५२ किलोमीटरच्या या मार्गाला २०११-१२मध्ये मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे अर्थसंकल्पातील नोंद. ती झाली म्हणजे पैसा आला, असे नव्हे. नव्या मार्गातून १४ टक्के परतावा मिळावा, ही रेल्वेची दीर्घकाळची कसोटी होती. विरळ लोकवस्तीच्या वनक्षेत्रातील मार्ग तिला उतरणे अवघडच. अशा वेळी सामाजिक गरज म्हणून मार्ग स्वीकारला जातो आणि राज्याला खर्च उचलायला सांगितले जाते. येथे महाराष्ट्राने निम्मा वाटा मान्य केला. खर्चाचा आकडा पुढे फुगत जाऊन सुमारे १,८८६ कोटी रुपयांवर गेला. प्रत्येक वाढीबरोबर राज्याच्या संमतीचीही नव्याने गरज पडली. रेल्वे केंद्राची, पण विलंबाचा निम्मा भार राज्याच्या तिजोरीवर, असा हा व्यवहार आहे.

त्यात मार्ग जंगलातून जाणारा. वनजमीन वळती करण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची परवानगी लागते, तेथे रेल्वे मंत्रालयाचा शब्द अंतिम नसतो. वाघ व अन्य वन्यजीवांच्या ये-जा करण्याच्या वाटा राखायच्या, तर भुयारी वा उंचावरील बांधकाम करावे लागते आणि खर्च चढतो. २०२५च्या मध्यापर्यंत गडचिरोलीत प्रवासी गाडी पोहोचली नव्हती.

याउलट जेथे मालवाहतुकीची आशा असते, तेथे फायली वेगाने सरकतात. गोंदिया-बल्लारशाह हा २४० किलोमीटरचा मार्ग मुळात बंगाल नागपूर रेल्वेचा अरुंद रुळांचा. तो १९९०च्या दशकात रुंद झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने त्याच्या दुहेरीकरणाला मान्यता दिली. वडशावरून जाणाऱ्या या कामाचा अंदाजित खर्च ४,८१९ कोटी रुपये आहे.

मंत्रालयावर देखरेख संसदेची. १९२४पासून चालत आलेला स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. त्यानंतर एखाद्या मार्गाला वर्षाला किती रक्कम मिळाली, हे भाषणातून कळणे दुरापास्त झाले. ते मागाहून येणाऱ्या तपशीलवार पुस्तिकेत शोधावे लागते. रेल्वेविषयक स्थायी समिती आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल रखडलेल्या कामांची दखल घेतात, पण ती काम रखडल्यानंतर.

नवा मार्ग बांधून पूर्ण झाला तरी रेल्वे मंत्रालय त्यावर आपल्या मर्जीने प्रवासी गाडी सोडू शकत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्तांना आधी रूळ, पूल आणि सिग्नल तपासावे लागतात. रेल्वेने स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देऊ नये, यासाठी हे कार्यालय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत ठेवण्यात आले आहे. गडचिरोलीच्या पहिल्या प्रवासी गाडीलाही त्यांच्या तपासणीतून जावे लागेल.